एकोणीस लिटर प्यालेलं भोक

टकटकभाऊ कोणाच्या घरात शिरला की वर बघतच नाही. नवा सोफा असो, भिंतीएवढा टीव्ही असो, नातवाची बक्षिसं असोत, त्याला त्याचं काही नाही. हा आपला दारातच उकिडवा बसणार, चौकटीच्या बुडाशी कान नेणार आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायला लागणार. टक, टक, टक. असा बोट बोट सरकत वर जातो. घरातली बाई कौतुकानं विचारते, "चहा टाकू का?" आणि हा म्हणतो, "थांबा जरा, बोलू नका." आता आपणच बोलावलेल्या माणसानं आपल्याच घरात आपल्याला गप्प बसवायचं म्हटल्यावर राग हा यायचाच. पण दोन मिनिटांनी तो चौकटीच्या एका जागी अंगठा दाबतो, वरचा रंग कागदासारखा आत जातो, आणि मग बाई आपोआप गप्प होते.

या ठोकण्यावरूनच त्याला टकटकभाऊ नाव पडलं. खरं नाव त्याच्या परवान्यावर आहे आणि त्याच्या आईला ठाऊक होतं, बाकी कोणाला त्याची गरज पडलेली नाही.

धंदा वाळवी शोधायचा आणि मारायचा. गाव असं, की वर्षातून चार शिंतोडे पडले तर लोक बाहेर येऊन बघतात. चहूकडे वाळू. नवं गिऱ्हाईक हटकून म्हणतं, "अहो, वाळूत कसली आलीय वाळवी? तिला ओल लागते ना?" हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलं असेल, तरी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तो मान हलवतो. मग त्या शहाण्याला हाताला धरून घरामागे नेतो. तिथे एसीची नळी भिंतीच्या पायाशी टपटप गळत असते. नाहीतर हौसेनं भिंतीला खेटून लावलेल्या कुंड्या असतात. "ही ओल," तो म्हणतो. "चार कोसांत दुसरीकडे कुठेच नाही. मग बिचारीनं जायचं कुठे?" आणि भिंतीवरून पेन्सिलीएवढी जाड, वाकडीतिकडी मातीची नळी वर गेलेली दाखवतो. ऊन लागू नये म्हणून वाळवी स्वतःपुरता बोळ बांधते आणि त्यातून ये-जा करते. गिऱ्हाईक इतकी वर्षं त्या नळीला कोळ्याचं जाळं समजत असतं.

टकटकभाऊ आधी सुतार होता, आणि चांगला होता. त्यानं केलेली एक चौकट सहा वर्षांनी एका गिऱ्हाइकानं त्याला परत दाखवायला बोलावलं. दाराला हात लावला तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली. आत लाकूड नव्हतंच, नुसता भुसा आणि माती. गिऱ्हाईक फक्त एवढंच म्हणालं, "तुमच्या हातची म्हणून चौकशी न करता लावली होती." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो तिथून निघाला तो थेट गावातल्या वाळवीचं औषध मारणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाकडे जाऊन बसला, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुन्हा शिकाऊ झाला. बायकोनं डोक्याला हात लावला. चांगली करवत सोडून किड्यामुंग्यांच्या मागे लागलेला नवरा कोणाला आवडेल?

पण माणूस उपकार मानणारा, इतका की कधीकधी ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. त्या गिऱ्हाइकाचे उपकार, उस्तादाचे उपकार, बायकोनं डोक्याला हात लावूनही डबा दिला तिचे उपकार. बसला की यादीच काढतो. आणि त्या यादीत सगळ्यांत वर कोण, तर एक तरणी सून, जिनं त्याच्याशी कित्येक दिवस एक शब्द बोलायचं नाकारलं होतं. ते कसं, ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गल्लीच्या टोकाला एका टेलरबाईचं बैठं घर आहे. बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली. घरात माणसं चार. टेलरबाई, तिचे पंच्याऐंशी वर्षांचे सासरे, सून, आणि सुनेची सव्वा महिन्याची मुलगी. मुलगा लांबच्या गावी ट्रकवर. मागच्या खोलीच्या दाराची चौकट पोकळ वाजायला लागली म्हणून बाईनं टकटकभाऊला बोलावलं.

तो सकाळी सातला हजर. बरोबर मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेलं, पंप सांभाळायचं काम त्याच्याकडे आणि गप्पा मारायचं कामही त्याच्याकडेच. भाऊनं घर तपासलं. कापडाच्या कपाटामागे, भिंतीतून वर आलेली मातीची नळी सापडली. बाहेर एसीचं पाणी नेमकं त्याच भिंतीच्या पायात मुरत होतं. निदान सरळ होतं. नळी वळवायची, मागच्या खोलीत भिंतीलगत फरशीला हात हात अंतरावर भोकं पाडायची, आणि पंपानं खालच्या मातीत औषध सोडायचं.

"पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. उस्तादानं शिकवलेला. औषध टाकीजवळ जाता कामा नये.

"ती पुढे अंगणात," टेलरबाई म्हणाली. "आठवड्यातून एकदा टँकर येऊन भरतो. रोज दुपारी चारला मोटर लावते, मग पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं. उन्हाळ्यात गच्चीवरचं पाणी नुसतं पोळतं हो. चारला खालचं गार पाणी चढलं की मगच छोटीची आंघोळ."

भाऊनं अंगणातलं झाकण उचलून बघितलं. जमिनीतली सिमेंटची टाकी, छान स्वच्छ. तिथून मागची खोली चांगली पंचवीस पावलं लांब. त्याचं समाधान झालं.

बाजेवर पडलेले आजोबा हे सगळं बघत होते. कान तल्लख, जीभ त्याहून तल्लख. "काय रे," ते म्हणाले, "एवढ्या वाळव्या मारल्यास, वर गेल्यावर जाब विचारतील ना तुला?"

"विचारतील की, आजोबा."

"मग काय सांगशील?"

"सांगेन, आमच्या मेहुण्यानं मारल्या. पंप त्याच्या हातात असतो."

सून आत बाळाला थोपटत होती, तीही हसली.

भोकं पाडून झाली. चौदा. एकेका भोकात दीड-दोन लिटर औषध जातं, मग माती पुरे म्हणते आणि पातळ औषध वर दिसायला लागतं. पंपावर काटा असतो, किती गेलं ते तो दाखवतो. पहिलं भोक दोन लिटर. दुसरं पावणेदोन. असं करत करत अकरावं आलं. मेहुणा पंप दाबतोय, दाबतोय, आणि वर काही येईना.

"दाजी, हे जरा जास्तच पितंय," मेहुणा म्हणाला. "एकोणीस लिटर झाले."

आता इथे नीट ऐका, कारण चूक घडली ती इथे. त्या गावात फरशीखालची वाळू खचते. फरशी आणि वाळू यांच्यात पोकळी राहते, आणि एखादं भोक चौपट, कधी दहापटसुद्धा पितं. टकटकभाऊनं अशी भोकं पंचवीस वर्षांत शेकड्यांनी बघितली होती. नवशिका असता तर घाबरून थांबला असता. हा जाणता, म्हणून थांबला नाही. उस्ताद सांगायचा, हावरं भोक दिसलं की हातातलं काम टाकून आधी तार सोडून बघ. पण घामानं डोळे चुरचुरत होते, आणि बाराला दुसऱ्या घरी जायचं होतं. "वाळू आहे, पिणारच," तो म्हणाला. "बंद कर ते, पुढचं घे." भोकं सिमेंटनं बुजवली, फरशी पुसून दिली, टेलरबाईला तीन सूचना दिल्या आणि दोघं निघाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

दुसरं घर आटोपून तो जेवायला घरी पोचला तेव्हा तीन वाजत आले होते. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मेहुणाही जेवायला बरोबर, तो तर बहिणीच्या हातचं सोडत नाहीच. बायकोनं दोघांना वाढलं आणि ओट्याशी उभी राहून नळाखाली प्लास्टिकचा कॅन भरत ठेवला. आधी पाणी कॅनच्या कोरड्या बुडावर तडतडलं. मग थोडं साचलं आणि आवाज बदलला. पाण्यावर पाणी पडतं तसा, पोकळ आणि खोल.

टकटकभाऊचा घास हातातच राहिला.

वाळूवर औषध पडतं तेव्हा आवाज होत नाही. वाळू मुकाट्यानं पिते. अकराव्या भोकातून आवाज आला होता. हाच आवाज. दुसऱ्यांची लाकडं कान लावून ऐकण्यात ज्याची हयात गेली, त्यानं तो आवाज ऐकला होता आणि त्याकडे कानाडोळा केला होता. फरशीखाली वाळू नव्हती. फरशीखाली पाणी होतं.

"त्या खोलीखाली टाकी आहे," तो म्हणाला.

"कुठल्या खोलीखाली?" मेहुण्याला कळेना. भाऊनं सांगितलं. कोणीतरी कधीकाळी जुन्या टाकीवरच खोली बांधली असणार. बाईंनी घर नऊ वर्षांपूर्वी विकत घेतलं, त्यांना काय माहीत. आणि ती टाकी जर पुढच्या टाकीला जोडलेली असली, तर आपण आज सकाळी त्यांच्या पिण्याच्या पाण्यात विष सोडून आलोय.

मेहुणा माणूस वाईट नाही. पण भीती वाटली की माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. तो म्हणाला, "दाजी, जोडलेली असेलच कशावरून? आणि असली तरी एवढ्या पाण्यात एकोणीस लिटर म्हणजे किती? त्यात औषध किती, पाणी किती. वास नाही, रंग नाही. तुमचा परवाना जाईल. आपण उद्या जाऊन काहीतरी निमित्त काढून टाकी धुऊन घ्यायला सांगू."

खोटं कशाला बोला, टकटकभाऊच्या मनातही ते एक क्षण येऊन गेलं. हे त्यानं स्वतः कबूल केलंय. परवाना गेला तर या वयात पुन्हा करवत हातात धरायची. गावभर बोभाटा होईल. त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं नळ बंद केला.

"त्या घरात तान्हं बाळ आहे म्हणालात ना मघाशी?" ती म्हणाली. "उठा."

बस, एवढंच बोलली. तो हातही न धुता उठला. टेलरबाईला फोन लावला, घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. दुपारी बाळ झोपलं की त्या घरातले सगळे फोन मुके करून ठेवतात, हे त्याला नंतर कळलं. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. मोटर चारला. भर उन्हात गाव ओलांडायला पाऊण तास.

मेहुणा गाडी चालवत होता आणि भाऊ शेजारी बसून फोनवर फोन लावत होता. मेहुण्यानं एकाही खड्ड्याला गाडी हळू केली नाही. त्यालाही लाज वाटली असावी.

पोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. फाटकातूनच मोटरचा आवाज आला.

टकटकभाऊनं दार ठोठावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाच्या घरात न ठोकता शिरला. मशीनवर बसलेल्या टेलरबाईच्या शेजारून गेला, भिंतीवरचं मोटरचं बटण बंद केलं आणि सरळ आत. न्हाणीघरात नळ सोडलेला होता. खाली बाळाचा टब अर्धा भरला होता. सून गुडघ्यावर टॉवेल पसरून बसली होती, त्यात ती सव्वा महिन्याची पोर उघडीच, आणि सुनेनं पाणी गार आहे का बघायला हात टबाकडे नेला होता.

"ताई, पाण्याला हात लावू नका," तो म्हणाला. "बाळाला घेऊन बाहेर या. माझ्याकडून चूक झालीय."

सुनेनं त्याच्याकडे बघितलं, मग टबाकडे. ती काही न विचारता पोरीला छातीशी धरून उठली.

बाहेरच्या खोलीत त्यानं सगळं सांगितलं. उभ्यानंच. काही लपवलं नाही, आवाज ऐकूनही पुढे गेलो हेसुद्धा सांगितलं. टेलरबाईच्या तोंडचा रंग उडाला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो योग्यच होता. "सकाळपासून आम्ही जे प्यालो, ते?"

"ते कधी भरलं होतं?"

"सकाळी सहाला. गच्चीवरच्या टाकीतून."

"मग ते चांगलं आहे. मी त्यानंतर आलो. खालचं पाणी आत्ता सात मिनिटं वर चढलंय, तेवढंच."

"पण खरंच टाकी आहे का खाली?" मेहुणा हळूच म्हणाला. त्याची आशा अजून सुटली नव्हती.

अकराव्या भोकाचं सिमेंट अजून ओलंच होतं. भाऊनं ते उकरलं, तारेच्या टोकाला एक नट बांधला आणि तार आत सोडली. ती गेली, गेली, आणखी गेली. पुरुषभर खाली गेल्यावर ओढून काढली तर अर्ध्याहून जास्त ओली. आता एकच प्रश्न उरला, ही टाकी पुढच्या टाकीला जोडलेली आहे का. इथे त्याची जुनी सुतारकी कामाला आली. गाडीत त्याची लेव्हलची नळी होती, पारदर्शक, लांबलचक. तिच्यात चांगलं पाणी भरून एक टोक मागच्या खोलीत, दुसरं अंगणात धरलं, आणि दोन्हीकडे सारख्या उंचीवर भिंतीला खूण केली. मग त्या खुणांपासून दोन्ही टाक्यांतलं पाणी किती खाली आहे ते मोजलं. वेगवेगळ्या टाक्या असत्या तर पाणी वेगवेगळ्या उंचीला राहिलं असतं.

पुढे एकशे बारा सेंटिमीटर. मागे एकशे बारा.

मेहुणा फरशीवर बसला तो बसलाच. आजोबा बाजेवरून म्हणाले, "म्हणजे ही नऊ वर्षं आम्ही पाण्यावर झोपत होतो, आणि टँकरवाल्याशी भांडत होतो की टाकी भरतच नाही." त्यावर कोणी हसलं नाही.

सुनेनं मात्र तेव्हा तोंड उघडलं. तिचा आवाज चढला नव्हता. "आठ मिनिटांनी आला असतात तर?" तिनं विचारलं. ती आत गेली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

पुढचं सगळं त्यानं स्वतः केलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरला घरी आणून मायलेकींना तपासून घेतलं, दोघी ठणठणीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परवान्याच्या कचेरीत गेला आणि स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध अर्ज लिहून दिला. तिथला कारकून चक्रावला. "तक्रार कोणाची?" "माझी." "कोणाविरुद्ध?" "माझ्याच." कारकुनाला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण साहेबानं अर्ज वाचला, त्याला खुर्ची दिली आणि तीन महिने परवाना बंद ठेवला. विषारी पाणी नेणारी गाडीही साहेबानंच लावून दिली. त्या गाडीनं दोन्ही टाक्या आणि गच्चीवरची टाकी उपसली. तेव्हा तळाशी पाय जाईल एवढा पाईप सापडला, जुन्या टाकीतून नव्या टाकीत. घर बांधणारा कधीच वारला होता, नाहीतर आजोबांनी त्याला शोधून काढला असता.

भाऊनं आणि मेहुण्यानं मिळून तो पाईप बुजवला, जुनी टाकी वाळूनं भरली आणि वरून सिमेंटनं बंद केली. चांगल्या टाक्या तीन वेळा घासल्या, धुतल्या. मग पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पहिला नमुना आला, त्यात किंचित औषध निघालं. पुन्हा उपसा, पुन्हा घासणं. हे सगळं होईपर्यंत सतरा दिवस गेले.

या सतरा दिवसांत त्या घराला लागेल ते सगळं पाणी टकटकभाऊनं आपल्या घरून वाहिलं. पिण्याचं, स्वयंपाकाचं, बाळाच्या धुण्याचं. रोज सकाळी आणि संध्याकाळी कॅन भरून गाडीतून आणायचे आणि ओट्याखाली ओळीनं लावायचे. आजोबा रोज वाट बघत असायचे. "आला बघा," म्हणायचे, "विष घालणाराच पाणी भरतोय." टेलरबाईला अवघड व्हायचं, ती म्हणायची, "बाबा, पुरे." भाऊ म्हणायचा, "बोलू द्या हो ताई, खरंच आहे ते." त्याला आजोबांचं बोलणं बरं वाटायचं. शेवटी शेवटी तर आजोबा त्याला थांबवून घ्यायचे आणि आपल्या तरुणपणाच्या थापा ऐकवायचे, आणि हा त्या सगळ्या खऱ्या मानायचा.

टेलरबाईनंही मन मोठं केलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, कोणीतरी म्हणालं, कोर्टात खेचा त्याला. ती मशीन थांबवून म्हणाली, "त्यानं येऊन सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. नाहीतर कोणाला काय कळणार होतं?" हे टकटकभाऊच्या कानावर आलं तेव्हा तो गाडीत बसून रडला, असं मेहुणा सांगतो. मेहुण्याच्या गोष्टीत मीठमसाला असतो, पण ही मी खरी मानतो.

सून मात्र तशीच. तो आला की ती पोरीला घेऊन आत जायची. कॅन उचलायची ते त्याच्याकडे न बघता. त्यानं एकदाही तिची माफी मागितली नाही. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, "मी माफी मागणार आणि तिनं दिली नाही तर तिलाच वाईट ठरवणार लोक. तिला राग धरायचा हक्क आहे. धरू दे." पण रात्री त्याला जेवण जायचं नाही. पाणी भरताना त्याचा डोळा सारखा त्या खोलीच्या दाराकडे असायचा. परवाना बंद झाला, लोक बोलले, ते त्यानं पचवलं. आपल्या हातानं एक आई घाबरली आणि ती भीती अजून तिच्या घरात आहे, हे त्याला पचत नव्हतं.

अठराव्या दिवशी तपासणीचा कागद आला. पाण्यात काही नाही, खुशाल वापरा. टँकर आला, टाकी भरली. भाऊ कागद घेऊन दुपारी त्यांच्याकडे पोचला. आपलं काम संपलं, कागद द्यायचा आणि निघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. टेलरबाईनं कागद दोनदा वाचला आणि आजोबांना वाचून दाखवला.

चार वाजले. बाईनं मोटर लावली. पाणी गच्चीवर चढायला लागलं, पाईप थरथरला. टकटकभाऊनं चपला पायात सरकवल्या.

"काका," आतून आवाज आला.

सून दारात उभी होती. टॉवेलात गुंडाळलेली पोर तिच्या हातात होती. ती पुढे आली.

"हिला जरा धरा," ती म्हणाली. "मी टब विसळून पाणी काढते. आंघोळ राहिलीय हिची."

टकटकभाऊ मागे सरकला. त्यानं आपले दोन्ही हात बघितले, पंचवीस वर्षं औषधात गेलेले, नखं काळी पडलेली. "ताई, या हातांत नको," तो म्हणाला. "सासूबाईंकडे द्या."

"मोटर याच हातांनी बंद केलीत ना," सून म्हणाली आणि पोर त्याच्या हातात ठेवली.

मग ती न्हाणीघरात गेली. आतून टब विसळल्याचा आवाज आला, मग नळाचा. आजोबा बाजेवरून मान उंचावून बघत होते. पोरगी त्याच्याकडे बघून हातपाय झाडत होती, आणि टकटकभाऊ तिला धरून होता, दोन्ही हातांनी, जपून. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात अडकलेले असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं.

"झालं काका, आणा तिला," सुनेनं आतून हाक मारली, आणि तो पोरीला घेऊन आत गेला.